दाब किती ठेवायचा?

अमेरिकेतल्या उपनगरी घरांच्या मागच्या बाजूला लाकडी फळ्यांचा एक ओटा असतो, त्याला डेक म्हणतात. स्वयंपाकघरातलं काचेचं दार सरकवलं की पाऊल त्यावरच पडतं. तिथे चार खुर्च्या, एक टेबल, झाकून ठेवलेली शेगडी असते; आपल्या लोकांच्या घरी उन्हाळ्यात कुंडीतली तुळसही असते, जी थंडी सुरू झाली की आत येते. नवा असताना हा डेक मधाच्या रंगाचा दिसतो. दोन-तीन वर्षांत तो करडा होतो. मालकाला वाटतं की तो मळला, आणि मग आमच्यासारख्यांचा फोन वाजतो.

न्यू जर्सीत माझा प्रेशर वॉशिंगचा आणि जुने डेक पुन्हा नीट करून देण्याचा छोटा व्यवसाय आहे. छोटा म्हणजे एक व्हॅन, दोन यंत्रं, मी आणि मोसमापुरते दोन मदतनीस. एप्रिल ते ऑक्टोबर काम, उरलेले महिने हिशेब आणि काळजी. या धंद्यात काही वर्षं काढल्यावर एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. गिऱ्हाईक खूश आहे, पैसे वेळेवर मिळाले, कुणाची तक्रार नाही, कायदा कुठे मोडलेला नाही. तरीही काम वाईट झालेलं असू शकतं का? आणि असेल, तर ते कुणाच्या दृष्टीनं वाईट?

प्रश्न नीट कळायला आधी लाकडाबद्दल थोडं सांगायला हवं.

करडा रंग हा मळ नसतो. लाकूड ढोबळमानानं दोन गोष्टींचं बनलेलं असतं: सेल्युलोजचे लांब तंतू, आणि त्या तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारं लिग्निन. उन्हातल्या अतिनील किरणांनी लिग्निन तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर फिकट, सैल तंतूंचा पातळ थर उरतो. त्यात बुरशी बसली की करड्याचा काळपट होतो. ती बुरशी आणि वरवरची धूळ सोडली, तर बाहेरून येऊन बसलेलं त्यात फारसं काही नसतं. ते लाकूडच असतं, म्हातारं झालेलं. त्यामुळे डेक 'नव्यासारखा' करायचा म्हणजे तो थर काढायचा, आणि थर काढायचा म्हणजे थोडं लाकूड काढायचं. किती काढायचं, एवढाच काय तो आपल्या हातातला भाग.

अमेरिकी सरकारची लाकडावर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये १९१० पासून आहे, फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी. तिच्या अभ्यासानुसार उघड्यावर उभ्या असलेल्या, रंग न दिलेल्या मऊ जातीच्या लाकडाची ऊनपावसानं होणारी झीज शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर इतकी असते. म्हणजे एक मिलिमीटर जायला सोळा-सतरा वर्षं. निसर्ग या बाबतीत फार सावकाश काम करतो.

आमची यंत्रं सावकाश नसतात. गाडीच्या चाकात हवेचा दाब तीस-पस्तीस पीएसआय असतो, म्हणजे दर चौरस इंचाला तेवढे पौंड. व्यावसायिक कामाचं पेट्रोलवर चालणारं यंत्र पाण्याला तीन ते चार हजार पीएसआयचा दाब देतं. नळीच्या टोकाला जे नॉझल लावतात त्यांचे रंग ठरलेले असतात: लाल म्हणजे शून्य अंश, सुईसारखी धार, पिवळं १५ अंश, हिरवं २५, पांढरं ४०, म्हणजे पंख्यासारखी पसरट धार. पूर्ण दाबावर अरुंद धार फळीच्या जवळ नेली, तर तो एक मिलिमीटर डोळ्यांदेखत जातो. सोळा वर्षांचं ऊन आणि पाऊस एका झटक्यात.

गंमत अशी, की ते दिसायला सुंदर दिसतं. करड्या फळीवरून धार फिरते आणि तिच्या मागोमाग सोनेरी पट्टा उमटत जातो. त्याचे व्हिडिओ लाखो लोक तासन् तास बघत बसतात. गिऱ्हाईक काचेच्या दारामागे उभं राहून चहा पीत बघतं आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान उमटतं. काम सकाळी सुरू होऊन जेवायच्या वेळेपर्यंत संपतं.

दुसरी पद्धत बघायला कंटाळवाणी आहे. आधी आजूबाजूच्या झाडांना भरपूर पाणी घालायचं, नाजूक झाडं झाकायची. सोडियम परकार्बोनेटची पूड पाण्यात मिसळली, की त्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते पाणी डेकवर पसरून दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचं नाही. मग ब्रशनं घासायचं. मग पाच-सहाशे पीएसआयच्या आसपासचा दाब, पांढरं नॉझल, फूटभर अंतर, आणि लाकडाच्या रेषा ज्या दिशेनं जातात त्याच दिशेनं धुणं. त्यानंतर ऑक्झॅलिक आम्लाचा हात. अळू नीट शिजलं नाही तर घशाला जी खाज सुटते, तिच्यामागे याच आम्लाचा क्षार असतो. हे आम्ल सोड्याचा परिणाम मारतं आणि खिळ्यांभोवतीचे लोखंडाचे काळे डाग घालवतं. मग दोन-तीन कोरडे दिवस वाट बघायची. फळीत सुया टोचून ओल मोजायची, आणि ती पंधरा टक्क्यांच्या खाली उतरली की मगच स्टेन लावायचा. मध्ये पाऊस आला तर पुन्हा वाट.

आता मुद्दा. पैसे देण्याच्या दिवशी हे दोन डेक शेजारी शेजारी ठेवले, तर सामान्य माणसाला त्यांच्यातला फरक कळणार नाही. दोन्ही सोनेरी, दोन्ही छान. जास्त दाबानं धुतलेला कदाचित थोडा जास्तच उजळ वाटेल.

फरक नंतर दिसतो. दाबानं फाटलेल्या तंतूंची लाकडावर लव उभी राहते. झाडाच्या वर्तुळात वसंतात वाढलेला भाग मऊ असतो आणि नंतर वाढलेला कठीण. धारेनं मऊ भाग खरवडून नेलेला असतो, कठीण रेघा वर राहतात आणि फळी हाताला धोपटण्याच्या पाट्यासारखी लागते. त्या खाचांत पाणी साचतं. अर्धवट ओल्या लाकडावर दिलेल्या स्टेनचे पापुद्रे निघायला लागतात. अनवाणी रांगणाऱ्या मुलाच्या तळहातात कुसळ जातं. यातलं बरंचसं व्हायला एक हिवाळा, कधी दोन जावे लागतात. तोपर्यंत धुणाऱ्याचा नंबर मालकाच्या फोनमध्ये 'चांगला माणूस' म्हणून साठवलेला असतो. दोष हवामानाला दिला जातो, लाकडाला दिला जातो, स्टेनच्या डब्याला दिला जातो. आणि पुन्हा करडा, पापुद्रे निघालेला डेक धुवायला त्याच माणसाला बोलावलं जातं.

हे शेवटचं वाक्य मला फार अस्वस्थ करतं. आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत की बाजारात खोटं फार दिवस टिकत नाही, माणसं शहाणी असतात, वाईट दुकान आपोआप बंद पडतं. किराणा मालाच्या दुकानाबद्दल हे बऱ्यापैकी खरं आहे. पण १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थतज्ज्ञांनी मालाच्या एका वेगळ्या प्रकाराबद्दल लिहिलं. कापड हात लावून पारखता येतं. आंबा आतून कसा आहे ते खाल्ल्यावर कळतं. पण काही माल असा असतो की विकत घेऊन, वापरूनही त्याचा कस कळत नाही, कारण तो कळायला विकणाऱ्याचंच ज्ञान लागतं. गाडीची दुरुस्ती हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. बदललेला भाग खरंच बदलायला झाला होता की नाही, हे मालकाला कधीच कळत नाही. याला आपण विश्वासाचा माल म्हणू. डेकची सफाई हा विश्वासाचा माल आहे. अशा ठिकाणी बाजार वाईट कामाला शिक्षा करत नाही, कारण शिक्षा करायला लागणारी माहितीच बाजाराकडे पोहोचत नाही. उलट वाईट काम स्वतःचं पुढचं काम तयार करून ठेवतं.

इमॅन्युएल कांटनं १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण घेतलं आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही. लहान मूल आलं तरी तोच भाव. कांट विचारतो, हा माणूस प्रामाणिक म्हणायचा का? एक भाव ठेवण्यात त्याचा स्वतःचा फायदा आहे, लोक विश्वासानं येतात. तेव्हा त्याचं वागणं कर्तव्याशी जुळतं, पण ते कर्तव्य म्हणून केलेलं आहे असं त्यावरून ठरत नाही. कॉलेजात हे वाचताना मला कांट उगाच काथ्याकूट करतोय असं वाटलं होतं. भाव योग्य आहे ना, मग दुकानदाराच्या मनात काय आहे याच्याशी मुलाला काय देणंघेणं?

आता वाटतं की कांटच्या दुकानदाराचं नशीब चांगलं होतं. त्याचा फायदा आणि त्याचं कर्तव्य एकाच रस्त्यानं जात होते. हे रस्ते जिथे फुटतात तिथे मनातलं काय ते महत्त्वाचं ठरतं, कारण दुसरं काही धरून ठेवायला उरतच नाही. सावकाश पद्धतीनं मी डेक धुतला तर मला जास्त वेळ लागतो, जास्त पैसे मागावे लागतात, आणि त्या बदल्यात जे मिळतं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते त्याला दोन वर्षांनी 'न झालेल्या' गोष्टींच्या रूपात मिळतं: लव आली नाही, कुसळ गेलं नाही, पापुद्रे निघाले नाहीत. न झालेल्या गोष्टींसाठी कुणी आभार मानायला फोन करत नाही.

यावर धंद्यातल्या लोकांचं एक उत्तर ठरलेलं असतं. गिऱ्हाईक जे मागतं ते द्यावं. त्याचं घर, त्याचं लाकूड, त्याचे पैसे. आपण कोण शिकवणारे? या उत्तरात तथ्य आहे, ते झटकून टाकता येत नाही. मी लाकडाचा विश्वस्त नाही. एखाद्याला आपला डेक दर तीन वर्षांनी खरवडून, दहा-बारा वर्षांत संपवून नवा बांधायचा असेल, तर तो त्याचा हक्क आहे. माझं काम इतकंच, की त्याला हे माहीत असलं पाहिजे. माहीत असून घेतलेला निर्णय त्याचा; माहीत नसताना त्याच्याकडून घडलेल्या निर्णयात मात्र माझा वाटा येतो, कारण माहिती माझ्याजवळ होती आणि मी गप्प बसलो.

पण हे उत्तरही सगळीकडे पुरत नाही. ते कुठे अपुरं पडतं, याची तीन उदाहरणं देतो.

पहिलं पाण्याचं. इथल्या बहुतेक उपनगरांत रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळ्या असतात. स्वयंपाकघराचं आणि संडासाचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं, पण या जाळ्यांमधून जाणारं पाणी सहसा कुठलीही प्रक्रिया न होता थेट ओढ्याला मिळतं. सोडा, आम्ल, जुन्या स्टेनचे कण, सगळं. १९७२ च्या पाण्याविषयीच्या कायद्यानं आणि त्यानंतरच्या नियमांनी याला बंधनं घातली आहेत, पण शनिवारी सकाळी एखाद्या गल्लीत व्हॅन उभी असताना बघायला कोण येतं? गिऱ्हाइकाला सगळं समजावून सांगितलं आणि त्याची संमती घेतली, तरी ओढ्यातल्या माशांची संमती घेतलेली नसते.

दुसरं आर्सेनिकचं. २००३ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत डेकसाठी मिळणाऱ्या बऱ्याचशा पाइनमध्ये कीड आणि बुरशी रोखण्यासाठी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबानं भरलेलं असे. पर्यावरण खात्याशी ठरवून उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ते बंद केलं. पण आधी बांधलेले डेक अजून उभे आहेत. अशा डेकवर जोराची धार मारली की उडालेले तंतू शेजारच्या वाफ्यात जातात, धार धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातात. धार धरणारा म्हणजे बहुतेक वेळा मी नसतो, माझा मदतनीस असतो. त्यामुळे एखादा डेक त्या सालाच्या आधीचा असेल, तर तिथे दाब किती ठेवायचा हे गिऱ्हाइकाशी बोलून ठरवायची बाबच राहत नाही. जोराच्या धारेला मी तिथे सरळ नाही म्हणतो.

तिसरं उदाहरण सगळ्यात साधं आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात अवघड. घर विकायला काढलेला मालक. त्याला तीन आठवड्यांनी फोटो काढायचे आहेत, लोक घर बघायला येणार आहेत. त्याला डेक सोनेरी हवा आहे आणि स्वस्तात हवा आहे. मी त्याला सगळं सांगतो. तो शांतपणे ऐकतो आणि म्हणतो, "दोन वर्षांनी काय होईल त्याच्याशी मला काय करायचंय?" तो खोटं बोलत नाहीये. त्याला पूर्ण माहिती आहे, पूर्ण संमती आहे. ज्याच्या मुलाच्या हातात कुसळ जाणार आहे, तो माणूस अजून या व्यवहारात आलेलाच नाही. त्याचं नाव मला माहीत नाही, कधी कळणारही नाही.

अशा वेळी नकार दिला तर काय होतं, हेही बघायला हवं. तो मालक दुसऱ्याला फोन करतो. दुसरा निम्म्या भावात येतो, लाल नॉझल लावतो आणि मोकळा होतो. डेक वाचला नाही. नव्या मालकाचं नुकसान टळलं नाही. बुडालं ते फक्त माझं काम. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९७३ साली असंच एक कोडं मांडलं होतं. जॉर्ज नावाच्या बेकार रसायनतज्ज्ञाला रासायनिक शस्त्रांच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळतेय. त्याला ते काम पटत नाही. पण त्यानं नाही म्हटलं तर ती जागा अशा माणसाला मिळेल जो ते काम दुप्पट उत्साहानं करेल. नुसत्या परिणामांची बेरीज-वजाबाकी केली, तर जॉर्जनं नोकरी घ्यायला हवी. विल्यम्सचं म्हणणं असं, की या गणितात एक गोष्ट हरवते: मी जे करतो आणि दुसरा जे करतो, यात माझ्यासाठी काही फरक आहे की नाही? माणूस म्हणजे जगातल्या परिणामांची ये-जा होण्याची केवळ एक मोरी आहे का?

डेक आणि रासायनिक शस्त्रं यांची तुलना हास्यास्पद आहे, हे मला मान्य आहे. पण कोड्याची घडण तीच आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात ते कोडं याच लहान आकारात येतं. आपल्या वाट्याला प्रयोगशाळा येत नाही. तीनशे चौरस फुटांचा डेक येतो, दोन ओळींचा अहवाल येतो, विद्यार्थ्याचा पेपर येतो. 'मी नाही केलं तर दुसरा करेलच' हे वाक्य त्या प्रत्येक ठिकाणी हजर असतं, आणि प्रत्येक ठिकाणी ते खरं असतं. ते खरं आहे म्हणूनच त्याच्याशी भांडणं कठीण जातं.

विल्यम्सच्या बाजूनं उभं राहायला मला आवडलं असतं, पण एक गोष्ट आडवी येते. मी नकार दिला तर बुडालेला दिवस फक्त माझा नसतो. माझा मदतनीस तासावर काम करतो. ग्वाटेमालातलं त्याचं गाव दर महिन्याला त्याच्या पैशांची वाट बघतं. माझ्या तत्त्वाची किंमत त्याच्या खिशातून जाणार असेल, तर त्या तत्त्वाचा मला अभिमान वाटावा का? नकार माझा आणि उपास दुसऱ्याचा, हे काही बरोबर दिसत नाही. यावर मला एकच उपाय सापडला, आणि तो तत्त्वज्ञानातला नाही, हिशेबाच्या वहीतला आहे. मोसमात आठवड्याला ठराविक तासांचा पगार त्याला मिळणारच, काम असो किंवा नसो, पाऊस पडो किंवा मी कुणाला नाही म्हणो. हे करायचं तर दर आणखी वाढतात, आणि दर वाढले की काही गिऱ्हाइकं जातात. पण निदान आता नाही म्हणताना मी माझेच पैसे पणाला लावतो.

एक शब्द मला या सगळ्यात सतत खुपतो. रिस्टोरेशन. पूर्ववत करणं. कुठल्या पूर्वीसारखं? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चच्या भिंतींचा गिलावा खरवडून त्या 'मूळ' रूपात आणण्याची लाट आली होती. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. लोक तिला गमतीनं 'अँटी-स्क्रेप' म्हणत, म्हणजे खरवडविरोधी. त्यांचं म्हणणं होतं की रोजची निगा राखून पडझड थांबवा; काळानं जे केलंय ते पुसून खोटं तारुण्य आणू नका. मागच्या अंगणातला पाइनचा डेक म्हणजे काही चर्च नव्हे. तरी तीच गल्लत इथेही होते. मालकाला हवं असतं ते नवेपण. आम्ही देऊ शकतो ते फक्त आतलं, अजून उन्हानं न बघितलेलं लाकूड, आणि ते एकदा उघडं पडलं की तेही म्हातारं व्हायला लागतं.

आपल्याकडे जमीन स्वच्छ करण्याची एक अगदी उलटी रीत होती. कोकणातल्या आमच्या जुन्या घरात जमीन सारवत. शेणाचा पातळ हात फिरवायचा, तो वाळला की जमीन साफ झाली. तिथे स्वच्छतेसाठी काही काढून न्यायचं नसे, एक थर घालायचा असे. काही दिवसांनी तो थर उडे, मग पुन्हा सारवायचं. खालची जमीन शाबूत राहायची. सारवण्याचं काम घरातल्या बायकांच्या कमरेवर पडायचं, त्यामुळे त्या रीतीबद्दल हळवं होण्यात अर्थ नाही. पण त्यात एक समज होती, की टिकणं म्हणजे एकदाच नवं होणं नाही, सतत थोडं थोडं बघणं आहे. डेकचंही तसंच आहे. दर दोन वर्षांनी हलक्या हातानं धुऊन लाकडात मुरणारा तेलकट स्टेनचा पातळ हात दिला, तर खरवडायची वेळच येत नाही. पण हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. त्यांना आधीचा आणि नंतरचा फोटो हवा असतो. निगा राखण्याचा फोटो काढता येत नाही.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं काय? गिऱ्हाईक खूश असताना काम वाईट असू शकतं, असं मला आता ठामपणे वाटतं. खुशी ही त्या दिवसाच्या डोळ्यांनी ठरते, आणि माझ्याकडे नंतरचे डोळे आहेत. शेकडो डेक दोन-तीन वर्षांनंतर बघितल्यामुळे ते आले आहेत. मला पैसे मिळतात ते यंत्र चालवण्याचे नाहीत, यंत्र कुणालाही भाड्यानं मिळतं. पैसे मिळतात त्या डोळ्यांचे. तेव्हा ते मिटून ठेवून पैसे घेणं म्हणजे जो माल विकला तोच न देणं. कुणाच्या दृष्टीनं वाईट, याचं उत्तर मला या वाटेनं मिळतं: दोन वर्षांनंतर त्या फळीवर अनवाणी उभा असेल त्याच्या दृष्टीनं, मग तो आजचा मालक असो किंवा उद्याचा.

पण या उत्तरानं विकायला काढलेल्या घराचा प्रश्न सुटत नाही, हेही मला कळतं. तिथे मी फक्त माझा हात बाजूला घेऊ शकतो. बाजारात लाल नॉझल मिळत राहणार.

जिथे काही करता येतं तिथे मी न दिसणारी गोष्ट आधीच दाखवायचा प्रयत्न करतो. एस्टिमेट द्यायला गेलो की पायरीखालच्या एका कोपऱ्यात, जिथे लक्ष जात नाही अशा फळीवर, हातभर जागा सोडा आणि ब्रश वापरून धुऊन दाखवतो. मग मालकाला तिच्यावरून तळवा फिरवायला सांगतो. एस्टिमेटच्या कागदावर कुठल्या दाबानं धुणार तो आकडा लिहितो, वाळायला किती दिवस थांबणार ते लिहितो, आणि धुतलेलं पाणी कुठे जाणार तेही लिहितो. त्याखाली तीन पर्याय असतात. एक, धुणं आणि स्टेन. दोन, नुसतं धुणं. तिसऱ्या ओळीत लिहिलेलं असतं: 'काही करू नका; लाकूड ठणठणीत आहे, करडा रंग धोक्याचा नाही, सैल खिळे ठोकून घ्या.' त्याच्यासमोर किंमत शून्य डॉलर.

ही तिसरी ओळ प्रत्येक कागदावर नसते. जिथे ती खरी असते तिथेच मी लिहितो, आणि ती बऱ्याच घरी खरी असते. ती निवडणारे थोडे. बहुतेकांना ती वाचून आधी हसू येतं. मग ते वळून आपल्या करड्या डेककडे थोडा वेळ बघतात, आणि पहिल्या ओळीवर खूण करतात. माझं पोट त्या खुणेवर चालतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. फक्त खूण करण्याआधीचा तो थोडा वेळ मला महत्त्वाचा वाटतो. तेवढ्या वेळात त्यांनी लाकडाकडे मळ म्हणून नाही, लाकूड म्हणून बघितलेलं असतं, आणि त्यानंतर केलेली खूण त्यांची स्वतःची असते.